रुल्फिनासाठी आणखी एक रात्र

सप्टेंबरात गावभर डबे घेऊन हिंडण्याची त्या घराची जुनी पद्धत होती. झाकणाला मोहोर लावलेला पत्र्याचा डबा गळ्यात अडकवून स्वयंसेवक दारोदार जात आणि लोक दारामागच्या वाडग्यातली सुटी नाणी त्यात टाकत. त्या वर्षी हार्मके स्वतः बांधाजवळच्या गल्लीत फिरली. बहुतेक दारे उघडलीच नाहीत. एका दाराच्या घंटीला जोडलेल्या स्पीकरमधूनच माणूस बोलला, "आम्ही पोर्तुगालला आहोत. आणि बाई, नाणी आता कोण ठेवतं?" परतताना डबा इतका हलका होता, की तो वाजू नये म्हणून तिने त्यावर हात ठेवला.

ते घर मरणासन्न माणसांचे होते. सरकारदरबारी अशा घरांना 'जवळजवळ घर', म्हणजे जवळजवळ स्वतःच्या घरासारखे, म्हणतात. परिचारिकांचा पगार विम्यातून येई. पण गरम पाणी, चादरी, सूप, छपराची डागडुजी हे सगळे देणग्यांवर चाले. खोल्या तीन. त्यांत राहणाऱ्यांना कोणी रुग्ण म्हणत नसे, पाहुणे म्हणत. हार्मके तिथली व्यवस्थापक होती, आणि विश्वस्तांनी तिला स्पष्ट सांगितले होते, की वर्षाअखेर पैशाची सोय झाली नाही तर एक खोली बंद करावी लागेल.

म्हणून विश्वस्तांनी शहरातून योरिंडेला बोलावले. तिशीतली ही मुलगी लहान संस्थांना फोनवरून आणि संगणकावरून देणग्या मिळवून देत असे. कामात ती प्रामाणिक होती. पहिल्याच बैठकीत ती म्हणाली, "डब्यात लोक संस्थेसाठी टाकायचे. आता संस्थेला कोणी देत नाही. माणसाला देतात. चेहरा दिसला पाहिजे, नाव कळलं पाहिजे."

"इथल्या माणसांचे चेहरे आम्ही कधी बाहेर दाखवले नाहीत," हार्मके म्हणाली.

"मग विचारून बघा ना त्यांना. तुम्हीच का ठरवता?"

हे हार्मकेला लागले, कारण ते खरे होते. तिने रुल्फिनाला विचारले.

रुल्फिना विर्सुम ही बीटसाखरेच्या कारखान्याच्या उपाहारगृहात आयुष्यभर राबलेली, लग्न न केलेली बाई. दोन खोल्यांच्या घरात ती थोरल्या भावाबरोबर, लामर्टबरोबर राहिली होती. पोटातला आजार आता आवरण्यापलीकडे गेला होता. जीभ मात्र शाबूत होती. पहिल्या दिवशी कॉफीबरोबर बशीत एक बिस्किट पाहून ती म्हणाली होती, "एकच? मरणाऱ्या माणसालाही एकच? बरंय, गावाची रीत शेवटपर्यंत पाळा."

फोटोचे ऐकून ती हसली. "तुमच्या डब्यात दरवर्षी नाण्याऐवजी कोटाचं बटण टाकणारी मीच हो. ते तरी फिटेल." मग तिने हार्मकेचा हात धरला. "काढ फोटो, पोरी. पण ऐक. मी पुढच्या दारानं गेले, की फोटोपण गेला पाहिजे. मला मागं दारात उभं करून भीक मागायची नाही. लामर्टला ते बघवायचं नाही."

"गेला पाहिजे," हार्मके म्हणाली. "शब्द दिला."

कस्टर्डची वाटी मांडीवर, चमचा हवेत, आणि फोटो काढणाऱ्याला काहीतरी सुनावत असलेली रुल्फिना. फोटो उत्तम आला. खाली योरिंडेने लिहिले: 'रुल्फिनाला तिच्या उरलेल्या रात्री एकटीनं काढायच्या नाहीत. रुल्फिनाला आणखी एक रात्र द्या.' त्याखाली एक बटण होते. फोनवर ते दाबले की पाच युरो जात. बीटची काढणी संपली नव्हती तोवर सगळ्या प्रांतातून पैसे येऊ लागले.

रुल्फिना नोव्हेंबरात गेली. त्या घरात पाहुणा ज्या दाराने येतो त्याच दाराने जातो. मागच्या दाराने, चोरून, कोणालाच नेत नाहीत. स्वयंसेवक दोन्ही बाजूंना उभे राहिले, लामर्टने शवपेटीचा एक कोपरा स्वतः धरला, आणि गाडी वळणाआड होईपर्यंत दार उघडे ठेवले गेले. आत वारा शिरला, टेबलावरचे कागद उडाले, तरी कोणी दार लोटले नाही.

दुसऱ्या दिवशी हार्मकेने योरिंडेला फोन केला. "फोटो काढून टाक."

"काढते," योरिंडे म्हणाली, आणि थोडी थांबली. "पण हार्मके, लोक सर्वांत जास्त डिसेंबरातच देतात. आत्ता काढला तर सगळं जाईल. अध्यक्षांशी एकदा बोलून घेता का?"

अध्यक्ष म्हातारे, सज्जन गृहस्थ होते. ते म्हणाले, "नवीन वर्षापर्यंत राहू द्या. तिलाही आवडलं असतं." तिला काय आवडले असते हे हार्मकेला नेमके ठाऊक होते. तिने खोलीचा विचार केला, पुढच्या माणसाचा केला, आणि गप्प राहिली. फोटो राहिला. त्यात रुल्फिना अजून जिवंत होती आणि आणखी एक रात्र मागत होती.

नाताळच्या आधी योरिंडे आली ती आनंदात होती. "एक दाता आहे, असा मी पाहिला नाही. रोज देतो. कधी दिवसातून दोनदा. एकदा दिलं, की यंत्र त्या माणसाला तोच फोटो पुन्हा पुन्हा दाखवतं, आणि हा प्रत्येक वेळी देतो. अशा माणसाला आभाराचं पत्र तरी पाठवू या." तिने पडद्यावरच्या नावावर बोट ठेवले. एल. विर्सुम.

कोट घालून हार्मकेने सायकल काढली.

लामर्टने दार उघडले आणि तिला पाहून तो आधी घाबरला. मग त्याला आठवले, की आता घाबरण्यासारखे काही उरलेले नाही. "ये. मोहरीचं सूप आहे. फिनासारखं नाही झालं. पाणचट झालंय."

टेबलावर फोन उभा करून ठेवला होता, मीठदाणीला टेकवून, रुल्फिनाच्या खुर्चीच्या समोर.

"लामर्ट, ते पैसे," हार्मके म्हणाली. "ते तुम्ही देताय."

"मग? बंदी आहे का?"

"रुल्फिनाबाई गेल्या, लामर्ट."

"मला सांगतेस? पेटी मी उचलली." त्याने तिच्या बशीत सूप वाढले. "मी खुळा नाही, हार्मके. मला सगळं कळतं. पण सकाळी फोन उघडला की ही समोर. खाली लिहिलंय, आणखी एक रात्र द्या. बटण तिथंच. एकदा मी वर सरकवलं, दिलं नाही. म्हटलं, पुरे. तर दिवसभर वाटत राहिलं, की तिनं मागितलं आणि मी नाही म्हटलं. सख्ख्या बहिणीला. तू म्हटलं असतंस?"

"नसतं."

"मग झालं तर."

सूप खरोखर पाणचट होते. हार्मकेने ते संपवले. "आम्ही पैसे परत देतो."

"पैसे नकोत. तिच्या रात्री आहेत त्यात. त्या परत कशा देशील?"

"मी तो फोटो काढून टाकणार आहे, लामर्ट. त्यांनी मला तसं बजावलं होतं. दारातून गेले की फोटोही गेला पाहिजे, म्हणाल्या. मी शब्द दिला होता, आणि तो आधीच मोडला. तुम्हाला ते बघवायचं नाही, हेही म्हणाल्या होत्या."

लामर्ट बराच वेळ चमचा पुसत राहिला. "तुला म्हणाली. मला कुठं म्हणाली?" त्याचा आवाज बारीक झाला. "राहू दे ना. मी पैसे देणार नाही. नुसता बघेन. यंत्राला तसं सांगता येत नाही का?"

"मी तुम्हाला त्या फोटोची मोठी प्रत आणून देते. भिंतीवर लावू."

"भिंतीवरची काही मागत नाही," लामर्ट म्हणाला.

ती उठली तेव्हा तो दारापर्यंत आला नाही. तिने अंगणातूनच योरिंडेला फोन केला आणि सगळे सांगितले. योरिंडे म्हणाली, "मला नाव बघायला हवं होतं. नुसते आकडे बघत बसले." फोटो तेवढ्यातच पडद्यावरून निघाला.

योरिंडेने सोडून दिले नाही. तिने दुसरा मजकूर लिहिला, भूतकाळातला. तो हार्मकेने शब्दन्‌शब्द वाचून मान्य केला: 'गेल्या शरदात या घरी एक बाई राहिल्या. रात्री कोणीतरी त्यांच्याजवळ बसलेलं असे. त्या पुढच्या दारानं गेल्या.' चेहऱ्याच्या जागी घराच्या दाराचा फोटो लावला, आणि महिन्याला थोडे थोडे देणारे शेजारी शोधायचे ठरले. काही मिळाले. बेकरीवाला मिळाला, शाळेतली शिक्षिका मिळाली. परंतु प्रांतातून येणारा ओघ आटला.

"लोक वाचवायला देतात," योरिंडे म्हणाली. "होऊन गेलेल्याला देत नाहीत. हे शेजारी टिकतील, हार्मके, डब्यापेक्षा जास्त टिकतील. पण वेळ लागेल. दोन-तीन वर्षं."

विश्वस्तांपाशी दोन-तीन वर्षे नव्हती. अध्यक्षांनी हार्मकेला दोष दिला नाही. त्यांनी फक्त विचारले, "जानेवारीपर्यंत थांबता आलं नसतं का?" ती म्हणाली, "नाही." बागेकडची खोली बंद करण्याचा ठराव झाला.

लामर्टला ती दर रविवारी भेटायला जाई. पहिल्या रविवारी त्याने दार उघडले नाही. खिडकीतून तिच्याकडे पाहिले आणि पडदा ओढला. दुसऱ्या रविवारी उघडले. तो सुपाविषयी बोलला, गुडघ्याविषयी बोलला, बहिणीविषयी नाही. तिने आणलेली मोठी प्रत कागदात गुंडाळलेलीच कपाटाला टेकून होती. फोन कुठे दिसत नव्हता.

फेब्रुवारीत, बर्फ वितळून रस्ते चिखलाचे झाले असताना, शेजारच्या गावातल्या डॉक्टरांचा दुपारी फोन आला. त्यांच्याकडे एक गृहस्थ होते. बायको थकली होती, मुले दूर होती. फार तर काही आठवडे.

"तुमच्याकडे जागा असेल ना? तीन खोल्या आहेत तुमच्या."

"दोन," हार्मके म्हणाली. "दोन्हीत पाहुणे आहेत."

"मग वाट बघू का?"

दोन्ही पाहुण्यांच्या खोल्यांची दारे तिच्या मेजावरून दिसत होती. एकीत कोणीतरी हळू आवाजात वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. वाट बघू म्हणजे कशाची, हे डॉक्टरांनाही कळत होते.

"नका बघू," ती म्हणाली. "शहरातल्या रुग्णालयाला विचारा."

"त्यांना रुग्णालयात जायचं नाही हो. तेवढं एकच मागणं आहे त्यांचं."

"मला कळतंय, डॉक्टर."

डॉक्टर त्या गृहस्थांचे नाव सांगू लागले. हार्मकेने मध्येच त्यांना थांबवले. नाव ऐकले असते तर तिला नाही म्हणता आले नसते, आणि नाही म्हणण्यावाचून तिच्यापाशी काही उरले नव्हते.