एक फुंकर, दोन बिल्ले

मी बाजा बोलतोय. नाव ऐकून हसू नका. मला सूर नाही, ताल नाही, आणि माझ्यात कितीही जोरात फुंकलं तरी नुसती घरघर ऐकू येते. माणसाच्या छातीत किती हवा मावते, ते मोजण्याचं मी यंत्र. माझं खरं नाव माझ्या पाठीवरच्या पत्र्यावर कोरलेलं आहे, पण ते इतकं लांबलचक आहे की आजवर कुणी पूर्ण वाचलेलं मला आठवत नाही. खाणीतल्या लोकांनी माझी रबरी नळी पहिल्यांदा बघितली, तेव्हा रांगेतून कुणीतरी म्हणालं, "काय साहेब, बाजा वाजवायला बोलावलंत होय?" सगळे खो खो हसले, आणि तेव्हापासून मी बाजा.

सध्या माझा मुक्काम एका लोखंडी कपाटात आहे. कपाटाला कुलूप, कुलपावर लाख आणि लाखेवर शिक्का. आत मिट्ट काळोख. मी बिघडलेला आहे, असं माझ्याबद्दल लिहून ठेवलंय. ते खोटं आहे, आणि ते मला कुणाला तरी सांगायलाच हवं.

माझा जन्म एका स्वच्छ, उजेडाच्या कारखान्यात झाला. माझी रचना अगदी साधी. पोटात एक भाता, भात्याला जोडलेलं एक पेन, पेनाखाली कागद. माणूस नळीत फुंकतो, भाता फुगतो, पेन वर चढतं. जितकी छाती मोकळी, तितकी रेघ उंच. माझ्यात पहिली फुंकर मारली ती मला जोडणाऱ्या एका कामगार बाईने. केवढी लांब, केवढी स्वच्छ फुंकर होती ती! मला वाटलं, जगातली सगळी माणसं अशीच फुंकत असतील. किती भाबडा होतो मी.

मग पेटीत बसून मी इथे आलो, उघड्या कोळसा खाणीच्या दवाखान्यात. खोली लहान होती. एक हिरवा पडदा, एक बाक, एक खिडकी. खिडकी कायम बंद, कारण उघडली की धूळ आत. बंद ठेवली तरी धूळ आतच. नर्सबाई सकाळी टेबल पुसायच्या आणि दुपारी त्याच टेबलावर बोटाने नाव लिहिता यायचं. खिडकीतून मला ओळीने कामगारांची क्वार्टर्स दिसायची. तिथे धुणं घरात वाळत घालायचे. दारातल्या झाडांची पानं हिरवी आहेत, हे पाऊस पडला की कळायचं. खाणीत पाणी साचू नये म्हणून मोठमोठे पंप दिवसरात्र पाणी उपसत राहायचे, आणि आसपासच्या विहिरी एकेक करून कोरड्या पडल्या. नळ होता तो फक्त क्वार्टर्सना.

दुपारी दोनला सुरुंग उडायचे. जमीन हादरायची आणि माझं पेन आपोआप कागदावर एक बारीकशी रेघ मारायचं. त्या वेळी कुणालाही फुंकायला बसवायचं नाही, असा कंपाउंडरचा नियम होता. "थांबा रे, आता खाण फुंकतेय," असं म्हणून तो चहा प्यायला जायचा. क्वार्टर्सच्या भिंतींना या हादऱ्यांनी भेगा पडल्या होत्या. लोक त्यांच्यावर कॅलेंडर लटकवायचे.

हा कंपाउंडर मनाने वाईट नव्हता. डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायची सवय तेवढी होती. वर्षातून एकदा प्रत्येक कामगाराने माझ्यात फुंकायचं, असा कायदा. पाळी सुटली की लोक थेट खाणीतून रांगेत यायचे, कारण अंघोळ करून यायचं तर शेवटची गाडी चुकायची. सगळ्यांची तोंडं काळी, नुसते डोळे आणि दात दिसायचे. मग कंपाउंडर तोंडाकडे बघायचाच नाही. गळ्यातला बिल्ला बघायचा, नंबर लिहायचा आणि म्हणायचा, "फुंक. आणखी. आणखी. चल, पुढचा." बिल्ला आला म्हणजे माणूस आला.

याच रांगेत मला ते दोघे भाऊ भेटले.

थोरला ड्रिलवर होता, दगडात सुरुंगाची भोकं पाडायचा. पक्की नोकरी, पितळी बिल्ला. एकदा त्याच्या डाव्या हाताची करंगळी ड्रिलमध्ये अर्धी गेली होती. धाकटा ठेकेदाराकडे होता, त्याचा बिल्ला पत्र्याचा. दोघे आणि थोरल्याची बायको असे एका क्वार्टरमध्ये राहायचे. त्यांचं जुनं घर, अंगण, आंब्याची दोन झाडं जिथे होती तिथे आता खड्डा आहे. थोरला गमतीने म्हणायचा, "मी अजून माझ्या स्वयंपाकघरातच काम करतो, फक्त तीनशे फूट खाली."

तिसऱ्या वर्षी थोरल्याची रेघ घसरली. कंपाउंडरने कागद बघितला आणि आवाज खाली आणला. "दादा, पुढच्या वर्षी एवढीच आली तर अनफिट. मग नोकरी नाही आणि क्वार्टरही नाही."

थोरल्याने नळी दोनदा पुसली, जागेवर ठेवली आणि गळ्यातला पितळी बिल्ला शर्टाच्या आत सरकवला.

पुढच्या वर्षी पितळी बिल्ला आला, आणि काय सांगू, पेन सरसर वर! कंपाउंडर म्हणाला, "वा, सुधारलात की!" पण मी चमकलो. ही फुंकर मी पाच मिनिटांपूर्वीच मोजली होती. धाकट्याची एक खोड होती. फुंकर संपत आली की तो क्षणभर अडखळायचा, आवंढा गिळायचा आणि मग उरलेली हवा सोडायचा. त्यामुळे त्याच्या रेघेला शेवटी एक छोटीशी पायरी पडायची. शेकडो लोक माझ्यात फुंकून गेले, पण अशी पायरी दुसऱ्या कुणाची नव्हती. आणि आता तीच पायरी थोरल्याच्या नंबरापुढे उमटली होती. आधी पत्र्याचा बिल्ला घालून धाकटा आला, बाहेर जाऊन गळ्यात पितळी अडकवला आणि पुन्हा रांगेत उभा राहिला. काळ्या तोंडांच्या रांगेत कोण कोणाला ओळखणार?

मी ओळखलं. पण मी फक्त रेघ मारू शकतो. रेघ कोणाची ते सांगायला मला तोंड नाही.

हे सहा वर्षं चाललं. पहिल्या वर्षी धाकटा डाव्या हाताची मूठ आवळून बसला. पुढे पुढे तो विसरायला लागला. एकदा कंपाउंडरची नजर त्या हातावरच्या पाचही बोटांवर गेली. मग कंपाउंडर नंबर लिहिता लिहिता हळूच म्हणाला, "करंगळी झाकून बस रे. चल, पुढचा." त्याला वाटलं, आपण कुणाचं तरी घर वाचवलं. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

सातव्या वर्षी थोरला ड्रिलवरच कोसळला.

दवाखान्यात नव्याने आलेल्या डॉक्टरबाईंनी त्याला माझ्यासमोर बसवलं. इतक्या वर्षांनी तो स्वतः माझ्यात फुंकत होता. भाता जेमतेम हलला. पेन थोडं वर गेलं, थांबलं आणि खाली आलं. तो पुन्हा फुंकायला गेला, तर खोकल्याची अशी उबळ आली की त्याच्या बायकोने तोंडावर पदर धरून मान फिरवली. ती पण खोकत होती. पंधरा वर्षं त्याचे धुळीचे कपडे तिनेच तर झटकून धुतले होते.

"नोकरीवर जाता येणार नाही आता," बाई म्हणाल्या. "पण घाबरू नका. धुळीचा आजार सिद्ध झाला तर क्वार्टर तहहयात तुमचंच राहतं. औषध, ऑक्सिजन, सगळं खाणीकडून मिळतं. नियमच आहे तसा."

"असा नियम आहे?" थोरल्याने विचारलं.

बाईंनी माझ्या मागच्या भिंतीवरचा एक कागद ओल्या फडक्याने पुसला. धुळीखालून अक्षरं वर आली. मी आल्या दिवसापासून तो कागद माझ्या पाठीशी होता, आणि मीसुद्धा तो कधी वाचलेला नव्हता.

"छाती वर्षागणिक कशी खालावत गेली, तेवढं दाखवायचं. जुने कागद आहेतच आपल्याकडे," असं म्हणत बाईंनी उत्साहाने फाईल काढली. एक कागद बघितला. दुसरा. तिसरा. मागची सहाही वर्षं रेघ ठणठणीत. त्यांचा चेहरा पडला. "असं कसं? मागच्या वर्षीपर्यंत तुमची छाती माझ्यापेक्षा चांगली होती. असे अर्ज तपासणारं मंडळ म्हणेल, हा आजार एका वर्षात आला, धुळीचा नाहीच."

"अहो, तुम्ही दरवर्षी येत होतात ना फुंकायला?" बायकोने विचारलं.

थोरला भिंतीवरच्या त्या स्वच्छ कागदाकडे बघत बसला. "येत होतो," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा आला. तोंड स्वच्छ धुऊन आला होता. इतक्या वर्षांत त्या खोलीत धुतलेल्या तोंडाने स्वतःहून आलेला तो पहिला कामगार. कंपाउंडरने त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"बाई, ती फुंकर माझी होती," धाकटा म्हणाला. "सहाही वर्षं. दादाचं घर जाऊ नये म्हणून मीच गळ घातली होती त्याला. तो नको म्हणत होता."

"हे बाहेर कळलं तर ठेकेदार तुम्हाला उद्याच काढेल."

"काढू दे. वहिनीने मला लहानाचं मोठं केलंय. तिला कुठल्या तोंडाने सांगू, तुमचं घर मीच घालवलं म्हणून?" शर्टाच्या बाहीने त्याने डोळे पुसले.

बाईंनी त्याचा कागद आणि थोरल्याचा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. रेघेवर रेघ बसली. शेवटची ती पायरीसुद्धा. माझा भाता आनंदाने भरून आला असता, पण त्यासाठी कुणीतरी फुंकायला लागतं.

पंधरा दिवसांनी मंडळाचे तीन साहेब आले. माझ्यासमोरच टेबल मांडून बसले. त्यांनी कंपाउंडरला विचारलं, "दोन माणसांची एकच रेघ कशी?"

कंपाउंडरने माझ्याकडे बघितलं. त्याची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. शिवाय खरं सांगितलं तर धाकट्याची भाकरी जाणार, हेही त्याला दिसत होतं. "साहेब, मशीन जुनं आहे," तो म्हणाला. "कुणीही फुंकलं तरी तीच रेघ मारतं."

"मशीन नाही साहेब, मी फुंकायचो!" धाकटा ओरडला. पण साहेबांना उत्तर मिळालं होतं, आणि ते सगळ्यांच्याच सोयीचं होतं. कंपाउंडर वाचला, धाकट्याची नोकरी वाचली, खाण वाचली. खापर माझ्या डोक्यावर फुटलं. यंत्र सदोष, सबब नोंदी अग्राह्य, सबब अर्ज नामंजूर. बुडाला तो थोरला, आणि त्याच्याबरोबर मी.

त्याच संध्याकाळी मला कपाटात घातलं. दार लावताना कंपाउंडर पुटपुटला, "माफ कर रे बाबा." मी माफ केलेलं नाही. पण अधूनमधून कपाटावरची धूळ कुणीतरी पुसतं, तो हात त्याचाच आहे, हे मला कळतं.

डॉक्टरबाईंनी मात्र हात टेकलेले नाहीत. यंत्राची तपासणी करा, ते ठीक निघालं तर दोघा भावांना पुन्हा फुंकायला बसवा आणि रेघा जुन्या कागदांशी ताडून बघा, असा त्यांनी अर्ज केलाय. बाहेरून माणूस येणार, लाख फोडणार. तारीख दोनदा पुढे गेली. क्वार्टर खाली करायची तारीख काही पुढे गेलेली नाही. ती पुढच्या महिन्यात आहे.

बाई स्वतःच्या जबाबदारीवर देतात तो ऑक्सिजन घ्यायला थोरला रोज सकाळी याच खोलीत येतो आणि माझ्या कपाटाशेजारच्या बाकावर बसतो. कपाटातून मला दिसत काही नाही. पण आयुष्यभर मी तेवढंच तर केलंय, त्यामुळे त्याचा श्वास मी बसल्या जागी मोजतो. मागच्या महिन्यात दारापासून बाकापर्यंत यायला त्याला चार श्वास लागायचे. आता अकरा लागतात.

काल धाकटा त्याला सोडायला आला होता. म्हणाला, "दादा, तपासणीच्या दिवशी दमलास तर..."

"गप," थोरला म्हणाला. मग बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. "तू तुझी फुंक. माझी मीच फुंकणार या वेळी. राखून ठेवलीय थोडी."

दोनला सुरुंग उडाले. पेनाने काळोखात रेघ मारली. खाली कागद नव्हता.

हे ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या हातात ती लाख फोडणं असेल, तर माझं एवढंच मागणं आहे. या. दार उघडा. भात्यावर धूळ बसली असेल, ती झटका आणि आधी तुम्ही स्वतः फुंकून बघा. मी तुमची रेघ तुमचीच मारीन. पण लवकर या. मी लोखंडाचा आहे, मला थांबायला काही होत नाही. बाकावर बसलाय तो लोखंडाचा नाही.