काचीगुड्याच्या गल्लीतले टेबल

मित्रांनो, मी एक जुने घडीचे टेबल आहे. हसू नका! अफझलगंजच्या सुताराने मला घडवले, तेव्हा माझा तोरा काही औरच होता. लग्नांत माझ्यावर बिर्याणीची परात यायची. लोक आधी माझ्याभोवती गर्दी करायचे, मग नवरदेवाला भेटायचे. पुढे एक पाय लुळा झाला आणि मी अडगळीत पडले.

तिथून मला सुमेधाताईंनी आणले. त्या नर्स. नशेची सुई टोचून घेणाऱ्यांकडून त्या वापरलेल्या सुया घेतात आणि माझ्यावर मांडलेल्या नव्या देतात, म्हणजे एकाचा आजार दुसऱ्याला लागत नाही. आधी आमचे बस्तान नामपल्लीला होते. खोली झकास, पंखासुद्धा! पण समोरच पोलीस चौकी. चिटपाखरूही फिरकले नाही. मग आम्ही काचीगुड्याला, स्टेशनमागच्या गल्लीत आलो आणि माणसे येऊ लागली. त्यांतला एक हमाल तोंडाला रुमाल बांधून यायचा, मान खाली घालून ताईंना सलाम करायचा. मला तो फार आवडायचा.

गल्लीच्या डोळ्यांत मात्र मी खुपत होते. एका सकाळी समोरच्या घरातल्या मालनबाई पदर खोचून आल्या.

"नक्को बाबा! बाहेरच्या नशेबाजांची जत्रा आमच्याच दारात कायकू? आजच्या आज उचला हे."

"मावशी, आम्ही इथून हललो तर ही माणसं पुन्हा एकच सुई चौघांत वापरतील. मरतील हो," ताई काकुळतीने म्हणाल्या.

"आमच्या गल्लीतलं कुणी आहे का त्यात? नाही ना? मग झालं!"

तेवढ्यात तो रुमालवाला आला. मालनबाईंना वाटले, आयता हमाल मिळाला. "ए भैया, हे टेबल नाक्यापलीकडे टाकून ये."

त्याने मला लगेच उचलले. माझा तर जीव कासावीस झाला. दोन पावलांवर त्याचा रुमाल घसरला.

मालनबाई बघतच राहिल्या. "शिवराज? आमच्या त्रिवेणीचा शिवराज?"

"हौ, मावशी."

त्रिवेणी त्यांची शेजारीण. हा मुलगा त्यांच्याच अंगणात रांगला होता. मालनबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आले.

"मेल्या, मी सांगितलं म्हणून लगेच उचललंस होय रे? ठेव ते. तिथं नको, माझ्या ओट्यावर ठेव. सावली आहे."

तेव्हापासून मी त्या ओट्यावरच असते. मित्रांनो, रस्त्यात पडलेली सुई दिसली तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा. आणि माझ्यासारखे एखादे टेबल तुमच्या गल्लीतून हलवायचे ठरले, तर आधी ते उचलणाऱ्याचा चेहरा नीट बघा.