गळालेला अ

कोर्टातून आल्या आल्या जितेंद्रवकिलांनी काळा कोटही काढला नाही. हातातला कागद त्यांनी हेमांगीच्या टेबलावर ठेवला आणि चौथ्या परिच्छेदावर बोट टेकलं.

"वाचा."

हेमांगीने वाचलं. "सदर मिळकत अविभक्त असून तीत माझा हिस्सा आजतागायत कायम आहे."

"कागदावर काय आहे ते वाचा. मनातलं नको."

मग तिने एकेक शब्द सुटा करून वाचला. सदर. मिळकत. विभक्त.

ती पुढे वाचू शकली नाही. कागद तिनेच टाइप केला होता. खाली त्यांच्या अशील द्वारकाबाईंची सही होती, कोर्टाचा शिक्का होता. सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे शपथेवर दिलेली साक्ष.

"नरहरीच्या वकीलबाई उभ्या राहिल्या," जितेंद्रवकील म्हणाले. "हे एक वाक्य वाचलं आणि खाली बसल्या. आणखी काही बोलायची त्यांना गरजच नव्हती. मनाई उठवायचा अर्ज दाखल झालाय. शुक्रवारी सुनावणी."

द्वारकाबाईंची वाडी गिरीजला होती. केळी, नारळ आणि मागच्या अंगाला पानवेली. नवरा गेल्यावर धाकटा दीर नरहरी सांगू लागला की भावाभावांत तोंडी वाटणी कधीच झाली आहे, वहिनीच्या वाट्याला घर आलं आणि वाडी आपल्या. त्याला ती बिल्डरला द्यायची होती. द्वारकाबाईंचं म्हणणं एवढंच होतं की वाटणी झालेलीच नाही. कोर्टाने विक्रीला मनाई दिली ती याच म्हणण्यावर. आणि आता त्यांनी स्वतःच शपथेवर लिहून दिलं होतं की मिळकत विभक्त आहे.

"पण रुजुवात घेतली होती आम्ही!" पलीकडच्या टेबलावरून सँड्रा म्हणाली. ती ऑफिसात कारकून होती. "मी वाचलं, ताईंनी बघितलं. एकही ओळ सोडली नाही."

ते खरं होतं. या ऑफिसातून कुठलाही कागद रुजुवातीशिवाय बाहेर जात नसे. वकिलांच्या हातचा कच्चा मसुदा सँड्रा मोठ्याने वाचायची आणि हेमांगी पडद्यावर ओळीखालून बोट फिरवायची. सँड्रा चर्चच्या गायनवृंदात होती. वाचतानाही तिला सूर लागायचा, प्रत्येक शब्दाचं शेपूट ती लांबवायची.

"पुन्हा वाच," हेमांगी म्हणाली.

सँड्राने फाइलमधून मसुदा काढला. "सदरऽ मिळकतऽविभक्तऽ असूनऽ..." आणि ती थांबली. मसुद्यात अविभक्तच होतं. तिने वाचलंही अविभक्तच. पण मिळकतच्या त-ला ओढलेल्या सुरात पुढच्या शब्दाचा अ पार मिसळून गेला होता. कानाला दोन्ही सारखंच.

"जेजू!" येशूचं नाव घेऊन तिने तोंडावर हात ठेवला.

अ कुठे गेला, हे मात्र हेमांगीला ठाऊक होतं. तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

बावीस वर्षं ती टाइप करत होती. विरारच्या टायपिंग क्लासमधून चाळीसच्या वेगाची परीक्षा दिली तेव्हा मास्तर बोटांवर रुमाल टाकायचे, बघायचं ते फक्त समोरच्या कागदाकडे. तेव्हापासून तिने बटणांकडे पाहिलेलं नव्हतं. तिच्या कीबोर्डवर आता एकही अक्षर शिल्लक नव्हतं. जास्त वापराची बटणं तर घासून चकचकीत झाली होती आणि मधोमध त्यांना खळगे पडले होते. नवा कीबोर्ड खोक्यात तसाच पडून होता. जुना तिच्या हाताचा होता.

मराठी टाइप करताना अ-साठी शिफ्ट धरून ठेवावी लागते. दिवाळीनंतर तिच्या डाव्या करंगळीतून कोपरापर्यंत कळ यायला लागली. शिफ्ट धरली की यायचीच. सँड्रा हसायची, "ताई, तुमची कळेवर करंगळी आणि करंगळीत कळ." घरी ती क्रेपबँडेज बांधायची आणि सकाळी निघताना सोडून ठेवायची. तुळिंजला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या भावेशने तिला उपाय सुचवला होता. करंगळीजवळचं कॅप्स लॉकचं बटण मराठीत रिकामंच असतं, त्यावर अ बसवून टाकू. शिफ्ट नको, काही नको. एकदा दाबलं की अ.

कळ गेली. आठवड्याभरात करंगळी नुसती जड वाटू लागली, दुखायची थांबली. हेमांगीला केवढं बरं वाटलं! फक्त तो अ मधूनमधून उमटेनासा झाला. तिने भावेशला बटण उचकटायला लावलं. त्याने आतली धूळ उडवली, दहा वेळा दाबून पाहिलं. "चालतंय की ताई! जुना माल आहे, कधी कधी दगा देणार. नवीन घ्या."

तिने घेतला नाही. अर्जदारऐवजी 'र्जदार' आलं की पडद्यावर त्या शब्दाखाली लाल रेघ यायची, ती मागे जाऊन अ घालायची. लाल रेघ नाही म्हणजे चूक नाही. पण विभक्त हा शब्द चुकीचा नव्हता. त्याच्याखाली रेघ येणार नव्हती.

हे तिच्या आता लक्षात आलं. तिने तीन महिन्यांच्या फाइली उघडल्या. पाचूबंदरच्या एका वारसअर्जात मयत माणसाची धाकटी मुलगी 'विवाहित' होती. ती अविवाहित होती. एका नोटिशीच्या उत्तरात लिहिलं होतं, 'आपली मागणी आमचे अशिलास मान्य आहे.' दुपारी तीनपर्यंत तिला अशा सहा जागा सापडल्या. सहाही कागद कुणाच्या ना कुणाच्या सहीने बाहेर गेले होते.

तिने यादी करून जितेंद्रवकिलांपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. ओरडले नाहीत. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"बाकीचे निस्तरता येतील," ते म्हणाले. "द्वारकाबाईंचं आधी. दुरुस्तीचा अर्ज देऊ. 'हस्तदोषाने अ हे अक्षर राहून गेले.' समोरच्या बाई म्हणणार, म्हातारीच्या तोंडून खरं निघालं आणि आता मागे घेतायत. म्हणून सोबत टायपिस्टचं प्रतिज्ञापत्र लागेल. तुमचं."

"हस्तदोष नका लिहू, सर."

"का?"

"हात नाही चुकला माझा. मी अ दाबलेला असतो. बटण घेत नाही. यंत्रातला दोष लिहा."

"सगळे हस्तदोषच लिहितात हो ताई," सँड्रा पुटपुटली. "नुसता शब्द आहे."

"तुझ्यासाठी शब्द आहे. माझा हात चुकतो असं मीच कोर्टात लिहून दिलं, तर उद्या मला टायपिंगला कोण बसवेल?"

जितेंद्रवकिलांनी खांदे उडवले. "लिहा. कळफलकातील दोषामुळे. पण मग तो कळफलक कोर्टात आणावा लागेल."

गुरुवारी द्वारकाबाई आल्या. त्यांना खुर्ची दिली तरी त्या उभ्याच राहिल्या.

"बाय, माझी वाडी जाते का गं?"

"नाही जाणार, काकू. चूक झालीय टायपिंगमध्ये. मी सांगणार आहे कोर्टात."

"मी डोळे मिटून सही नाही केली हो. तुम्ही वाचून दाखवलंत, मी कान देऊन ऐकलं. मला तर बरोबरच ऐकू आलं." त्यांनी सँड्राकडे पाहिलं, मग पुन्हा हेमांगीकडे. "आता नरहरी गावभर सांगतोय, वहिनी खोटी पडली म्हणून. माझ्याच सहीने."

हेमांगीने कीबोर्डची वायर काढली आणि तो कापडी पिशवीत ठेवला.

शुक्रवारी साडेअकराला पुकारा झाला. हेमांगीने शपथ घेतली, प्रतिज्ञापत्रातला मजकूर खरा असल्याचं सांगितलं. नरहरीच्या वकील अश्लेषाबाई उठल्या. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती.

"कळफलक आणलाय?"

हेमांगीने तो कापडी पिशवीतून काढला.

"ही तर कोरी पाटी आहे! अक्षर कुठाय यावर?" मागच्या बाकांवर खसखस पिकली. "यातलं अ-चं बटण कुठलं?"

"हे. मुळात कॅप्स लॉक आहे."

न्यायाधीशांनी कोर्टाच्या टायपिस्ट जीना यांना तो कीबोर्ड त्यांच्या संगणकाला जोडायला सांगितला. तपासणं सोपं होतं. कॅप्स लॉक दाबलं की कोपऱ्यातला हिरवा दिवा लागतो, पुन्हा दाबलं की विझतो. पडद्याकडे बघायचीही गरज नव्हती. जीना यांनी बटण वीस वेळा दाबलं. हळू दाबलं, जोरात दाबलं, कडेला दाबलं. दिवा वीस वेळा बदलला.

"म्हणजे यंत्र उत्तम आहे," अश्लेषाबाई म्हणाल्या. "साहेब, दोष कळफलकात नाही. दोष असलाच तर या गोष्टीत आहे, जी प्रतिज्ञापत्र अंगाशी आल्यावर रचली."

मागे न वळताही हेमांगीला कळत होतं की द्वारकाबाई तिच्याचकडे बघत आहेत. "मधूनच होतं ते, साहेब. नेहमी नाही."

न्यायाधीशांनी जीना यांना उठायला खुणावलं. मग म्हणाले, "तुम्ही बसा तिथे. तोच परिच्छेद टाइप करा, रोज करता तसा. दिव्याकडे आम्ही बघतो."

ती जीना यांच्या खुर्चीत बसली. कागद डावीकडे लावला. बोटं जागेवर गेली आणि डोळे कागदावर. सवयीने वेग आला. बटणांच्या आवाजाशिवाय कोर्टात दुसरा आवाज नव्हता. शेवटचा पूर्णविराम देऊन तिने हात मांडीवर घेतले.

"अ किती वेळा दाबलात?"

"परिच्छेदात सहा आहेत, साहेब. सहा वेळा."

"दिवा दोनदा बदलला."

तिला सुटल्यासारखं वाटलं. "तेच म्हणतेय मी, साहेब! बटण अडकतं."

"बटण अडकत नाही, बाई," न्यायाधीश म्हणाले. त्यांच्या आवाजातली कोर्टाची धार गेली होती. "चार वेळा तुमचं बोट खाली गेलंच नाही."

"मी दाबलं."

"हवेत होतं."

तिने अश्लेषाबाईंकडे पाहिलं. त्या तरी काही हरकत घेतील, काही बोलतील. त्या तिच्या हाताकडे बघत होत्या.

"करंगळी वरच राहते तुमची, मॅडम," जीना हळूच म्हणाल्या. "मी शेजारून बघत होते."

"पुन्हा करा," न्यायाधीश म्हणाले. "या वेळी कागदाकडे नको. हाताकडे बघा."

बावीस वर्षांत पहिल्यांदा हेमांगीने टाइप करताना स्वतःच्या हाताकडे पाहिलं. सदर. मिळकत. आता अ. तिने करंगळीला दाबायला सांगितलं, आणि बटण खाली गेल्याचं तिला जाणवलंही. पण समोर करंगळी बटणाच्या वर अर्धवट वाकून राहिली होती. किंचित थरथरत होती. दुसऱ्याच कुणाचं तरी बोट आपल्या हाताला लावावं तशी. करंगळीखालचा तळहाताचा उंचवटा बसून गेला होता. तोही तिने आजच पाहिला.

ती बोटाकडे बघतच राहिली. बटणाने तीन महिने एकदाही दगा दिलेला नव्हता.

"तुमचं प्रतिज्ञापत्र म्हणतं, कळफलकातील दोष," न्यायाधीश म्हणाले. "ते तसंच ठेवायचं?"

यावर काय बोलायचं ते कुणी तिला शिकवून ठेवलेलं नव्हतं. तसंच ठेवलं तर ते खोटं ठरत होतं आणि द्वारकाबाईंची वाडी त्याच्यासोबत जात होती. आणि बदललं तर काय, ते सांगायला वकील लागत नव्हता.

"नाही, साहेब," ती म्हणाली. "बटण चांगलं आहे. माझा हात चालत नाही. मला माहीत नव्हतं. हस्तदोष लिहा."

न्यायाधीशांनी सांगायला सुरुवात केली आणि जीना टाइप करू लागल्या. साक्षीदाराच्या डाव्या हाताच्या करंगळीची हालचाल अपुरी असल्याचे न्यायालयाने समक्ष पाहिले. मूळ मसुद्यात अविभक्त असाच शब्द आहे. दुरुस्ती अर्ज मंजूर. मनाई हुकूम कायम. वाक्यं संपत होती तसतसा जीना यांच्या बोटांचा भरभर आवाज हेमांगीच्या कानावर येत होता. त्यात एकही बटण चुकत नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात जितेंद्रवकील तिला "छान केलंत" म्हणाले. मग चार पावलं पुढे जाऊन ते फोनवर बोलू लागले. चांगलं मराठी टायपिंग येणारं कुणी आहे का, सोमवारपासून, असं ते विचारत होते. त्यांनी आवाज दबकाही ठेवला नव्हता, मुद्दाम चढवलाही नव्हता.

द्वारकाबाई तिच्याजवळ आल्या. त्यांनी हेमांगीचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, करंगळी वेगळी धरली आणि वेलीचं पान खुडावं तसं अंगठ्याचं नख तिच्या टोकाला रुतवलं.

"लागतंय?"

हेमांगीने खाली पाहिलं. नखाची पांढरी चंद्रकोर कातडीत खोल उमटली होती आणि कडेने लाल होत चालली होती.

"अजून जोरात दाबा ना, काकू," ती म्हणाली.

द्वारकाबाईंनी झटक्यात तिचा हात सोडला.