बांधलेली घंटा

मातीच्या पुतळ्यांना मी आजही पाठीमागून बघत नाही. ओम्ब्रेत्ताला मात्र सगळं पाठीमागूनच बघायचं असायचं.

आम्ही दोघी इटलीत पादोव्याला कलेचा इतिहास शिकत होतो, एकाच खोलीत राहत होतो, आणि तिच्या प्रबंधापायी गुड फ्रायडेच्या दिवशी फेर्राराला आलो होतो. तिथल्या एका लहानशा चर्चमध्ये भाजलेल्या मातीचे पुतळे आहेत. मेलेला ख्रिस्त आडवा पडलाय आणि भोवती माणसाएवढी माणसं रडताहेत. टोकाची मग्दालेना, ख्रिस्ताची शिष्या, धावत येऊन थबकलेली, तोंड आऽ वासलेलं, दात दिसताहेत. पोस्टकार्डावर ती सुंदर दिसते. हातभर अंतरावरून अजिबात नाही.

"पुढून काय, सगळेच बघतात," ओम्ब्रेत्ता म्हणाली. "कारागिराने कुठे अंग चोरलंय ते पाठीत कळतं."

"आधी जेवू या. तू इन्सुलिन घेतलंयस."

"अगं, खानावळवाल्याचा पास्ता अजून उकळतोय. एक नजर टाकते आणि आलेच."

तिला लहानपणापासून मधुमेह होता. समोरच्या खानावळीत चण्याचा पास्ता सांगून, तिथल्याच मोरीत सुई टोचून ती आली होती. टेबल जाऊ नये म्हणून तिचा कोट खुर्चीवर टाकला होता. इन्सुलिननंतर जेवण लांबून रक्तातली साखर उतरली तर तोंडात टाकायच्या साखरेच्या पुड्या त्या कोटाच्या खिशात होत्या. हुशार माणसांचा हुशारपणा नेमका कुठे संपतो, ते मला तेव्हापासून कळतं.

आम्ही पुतळे आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरलो. पुतळे मागून पोकळ असतात, नाहीतर भट्टीत तडकतात. मग्दालेनाची पाठ उघडी होती आणि आत माती कोरणाऱ्याच्या बोटांचे ठसे होते. ओम्ब्रेत्ता त्या ठशांत आपली बोटं बसवून बघत होती. पुतळ्यांवरचा दिवा बटण दाबलं की थोडाच वेळ जळायचा; तेवढ्यात तो आपोआप विझला. अंधारात आम्ही खिदळलो, आणि त्या खिदळण्यातच दाराचा आवाज आम्हाला नीट कळला नाही. किल्ली दोनदा फिरली तेव्हा कळला.

चर्चच्या रखवालदाराने आत डोकावून पाहिलं असणार. पुतळ्यांच्या मागे कोणी उभं असेल असं शहाण्या माणसाच्या मनात येत नाही. तो कुलूप लावून जेवायला गेला.

"दुपारच्या प्रार्थनेला येईल की परत," ओम्ब्रेत्ता म्हणाली.

"तोवर तुझं काय?"

"माझं काय व्हायचंय? मग्दालेनाला खाईन."

मी दारावर मुठी आपटल्या, लाथा मारल्या, ओरडले. दार चांगलं वीतभर जाड. मोबाइल तेव्हा कुणाकडे नव्हते. बाहेर दुकानं बंद, सगळं गाव जेवणाला बसलेलं. मागे वळले तर ओम्ब्रेत्ता बाकावर बसली होती आणि एवढ्या गारठ्यात तिच्या कपाळावर घाम होता. हात थरथरत होते. तिची साखर उतरत होती.

मी काहीतरी गोड शोधायला धावले. दुसरा कुठलाही दिवस असता तर वेदीजवळ वाइन तरी मिळाली असती. गुड फ्रायडेला वेदी उघडी पाडतात. चादर नाही, फुलं नाहीत, मेणबत्ती नाही. प्रसादाच्या कपाटाचं दारही सताड उघडं आणि आत काही नाही. मागच्या खोलीला कुलूप. देवाच्या घरात माझ्या मैत्रिणीसाठी साखरेचा कण नव्हता, आणि मला देवाचा फार राग आला.

"निवेस," तिने मला हाक मारली. जीभ जड झाली होती. "तिला सांग ना गप्प बसायला."

"कुणाला?"

"तिला. मघापासून किंचाळतेय."

ती मग्दालेनाकडे बघत होती. मी बटण दाबलं, दिवा लागला, आणि मला ते दोन चेहरे एकाच वेळी दिसले. मातीचा चेहरा माझ्या मैत्रिणीच्या चेहऱ्यापेक्षा जिवंत दिसत होता. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

घंटेचा दोर दाराशेजारीच होता. पण ख्रिस्ताच्या सुतकात गुरुवारी रात्री आमच्याकडे घंटा बांधतात, त्या शनिवारी रात्रीच सुटतात. दोर गुंडाळून वर खिळ्याला गाठी मारून ठेवला होता. आणि आमच्या गावात लहानपणापासून ऐकलेलं: मधल्या दिवसांत जो घंटा वाजवील, त्याचं जवळचं माणूस वर्षाच्या आत जातं. विद्यापीठात या समजुतीवर मी छान निबंध लिहिला होता. आता खुर्चीवर चढून पहिल्या गाठीला हात घातला आणि बोटं वळेनात.

जवळचं माणूस म्हणजे तरी कोण? आई डोळ्यांसमोर आली, धाकटा भाऊ आला. मागे बाकावरून काहीतरी धपकन पडल्याचा आवाज झाला. मग मी गाठी दातांनी सोडल्या.

पहिल्या ओढीला काहीच झालं नाही. दुसऱ्या ओढीला मी दोराला लोंबकळलेच. वर घंटा घणाणली, आणि त्या मुक्या गावावर तो आवाज इतका भयंकर वाटला की मी स्वतःच ओरडायला लागले. ओरडत होते आणि ओढत होते.

दार उघडलं तेव्हा रखवालदाराच्या गळ्यात जेवणाचा रुमाल तसाच होता. त्याने आधी माझ्या कानाखाली वाजवली.

"आज? आजच्या दिवशी घंटा? कुणाच्या जिवावर उठलीयेस, भवाने?"

"ती मरतेय," मी म्हणाले. "साखर द्या."

त्याच्या मागे सगळी गल्ली गोळा झाली होती. बायका छातीवर क्रूस काढत होत्या. त्यांतली एक म्हातारी पावाच्या भट्टीवरून ईस्टरची गोड पावकडी, म्हणजे कड्यासारखा वळलेला गोड पाव, घेऊन निघाली होती. रविवार सकाळपर्यंत त्या कडीला घरात कुणी बोट लावत नाही. तिने फडकं सोडलं, कडीवरची जाड साखर नखांनी खरवडली आणि खाली बसून ओम्ब्रेत्ताच्या हिरड्यांवर चोळायला लागली.

"इरिदे, आज उपवास आहे," रखवालदार पुटपुटला. "आणि घंटा वाजलीय. यंदा कुणाचंतरी मरण आहे."

"तू आधी डॉक्टरला बोलव, अन्सेल्मो. मरण कुणाचं ते मग बघू."

ती चोळत राहिली. पुन्हा खरवडायची, पुन्हा चोळायची. मी ओम्ब्रेत्ताचे पाय धरून बसले होते, का ते माहीत नाही. बऱ्याच वेळाने तिची जीभ हलली आणि तिने ओठ चाटले. म्हातारी म्हणाली, "अगं बाई, चावू नकोस, बोट आहे ते माझं."

डॉक्टर येऊन गेल्यावर आम्ही खानावळीत परतलो. कोट खुर्चीवर तसाच होता. पास्त्याचा लगदा झाला होता, आणि ओम्ब्रेत्ता तो मुकाट्याने खात होती. पांढरीफटक, पण ओम्ब्रेत्ताच.

"तू ओरडत होतीस म्हणे," ती म्हणाली. "तोंड कसं झालं होतं? करून दाखव. प्रबंधाला होईल."

मी तोंड उघडलं. आवाज फुटेना. नुसतं तोंड वासून मी तिच्याकडे बघत बसले, आणि मिटताही येईना.

ओम्ब्रेत्ताने काटा खाली ठेवला. उठून माझ्या मागे आली आणि पाठीवर हळूच दोन टिचक्या मारल्या.

"भरीव आहेस गं," ती म्हणाली.

मग मी रडले, भर खानावळीत, मोठ्याने.