सोमवारच्या खुणा

२४ नोव्हेंबर २००५, गुरुवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. माझ्या पत्नीचा, वसुधाचा, ताप ३९.८ अंश सेल्सिअस. मलेरियाच्या गोळ्यांच्या तक्त्यात तिच्या नावापुढे खुणा सहा. चुकलेली गोळी एकही नाही.

आफ्रिकेतून परतून आम्हाला पंधरा दिवस झाले होते. जर्मनीत झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यातून मी निवृत्त झालो, तेव्हा आमच्या मुलीने, ईप्सिताने, गाबोनच्या वर्षावनातल्या पर्यटक-निवासात दहा दिवस राहण्याची व्यवस्था करून दिली होती. होडीने अर्धा दिवस गेल्यावर तो निवास लागतो. खांबांवर उभारलेल्या आठ लाकडी खोल्या, सौर दिवे, अंघोळीला नदीचे दोन बादल्या पाणी. जंगल टिकावे म्हणून एका वेळी सोळाच पाहुणे. समोरच्या झाडांमधल्या मोकळ्या जागेत हत्ती क्षार चाटायला येत. मी त्यांच्या येण्याच्या वेळा टिपून ठेवी.

"अहो, त्यांनाही तक्ता दिलात का?" वसुधा म्हणाली होती. "उशिरा येणाऱ्याचा पगार कापा."

मलेरिया टाळायची गोळी आठवड्यातून एकदा, भरल्या पोटी घ्यायची होती. प्रवासापूर्वी दोन आठवडे सुरू करून परतल्यावर आणखी चार आठवडे. मी सोमवार ठरवला, कारण कारखान्यात आठवडा सोमवारी सुरू होई. वसुधाचा सोमवारचा उपवास मला ठाऊक होता. दिवस ती फळांवर काढी आणि मंगळवारी सकाळी सोडी. औषधाच्या आड उपवास येत नाही, असे मी गृहीत धरले. न्याहारीनंतर माझी गोळी मी घेई, तिची तिच्या हातावर ठेवी आणि दोन्ही खुणा एकदमच करी. निवासातल्या दोन्ही सोमवारी स्वयंपाक्याने पुढे केलेली मासळी नाकारून ती दोन केळी खाऊन उठली. मी समोरच बसलो होतो.

गुरुवारी आमच्या डॉक्टरांनी तिला तपासले. "आफ्रिका म्हणजे रक्त तपासायला हवं. आज स्टुटगार्टच्या इस्पितळात जाल?"

मी तक्ता पुढे केला. "सहापैकी सहा. या थंडीत तिला कशाला फिरवायचं?"

त्यांनी तो दोनदा वाचला. "असा रुग्ण मला रोज मिळो. गेनाऊ, अगदी काटेकोर. मग फ्लूच असेल. पण ताप उतरला नाही तर उद्याच या."

"अहो, मला काही सांगायचंय," वसुधा मराठीत म्हणाली.

"घरी गेल्यावर," मी म्हणालो. डॉक्टरांसमोर मराठी बोलणे मला अशिष्ट वाटे.

घरी ती झोपली. शुक्रवारी ताप उतरला, म्हणून पुन्हा गेलो नाही. शनिवारी सकाळी तिचे डोळे पिवळे दिसले.

"गोळ्या नाही घेतल्या मी," ती म्हणाली. "उपाशीपोटी नको असं लिहिलंय ना. मंगळवारी घेईन म्हणून डबीत ठेवली. पण तुमची खूण झालेली, मग आठवण कोण करणार? एक राहिली, दुसरी राहिली. नंतर सांगायची लाज वाटली."

"किती राहिल्या?"

"रागावू नका हं," एवढेच ती बोलली.

मी रुग्णवाहिका बोलावली. इस्पितळात तासाभरात निदान झाले. शंभरातल्या बावीस तांबड्या पेशींत जंतू होते आणि मूत्रपिंडे थांबत आली होती. गुरुवारी आणले असते तर काय झाले असते, असे मी विचारले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डायलिसिसच्या संमतीचा कागद माझ्यापुढे ठेवला.

ईप्सिता फ्रँकफर्टहून आली. काचेपलीकडे आई बेशुद्ध होती. ईप्सिताने माझ्या हातातला तक्ता पाहिला.

"आल्झो, म्हणजे, बाबा, आईला गिळताना पाहिलं होतं तुम्ही?"

"नाही."

"एकदाही?"

कारखान्यात एकतीस वर्षे मी तपासणी विभागात होतो. न पाहता खूण करणाऱ्या दोघांना मी कामावरून काढायला लावले होते. हे ईप्सिताला माहीत होते. 

सोमवारी, २८ नोव्हेंबरला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वसुधा गेली.

तिची कुंकवाची डबी प्रवासाच्या पिशवीतच होती. आतल्या गोळ्यांना लाल पूड लागली होती. मी त्या टेबलावर मांडून मोजल्या, तक्त्यातल्या तिच्या सगळ्या खुणा खोडल्या आणि खाली बेरीज दुरुस्त केली. दिलेल्या गोळ्या सहा, घेतलेल्या शून्य.