लाल घसा, निळा घसा

हॉलमधल्या खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या, तरी माणसं येतच होती. सगळ्यांना घसा बघायचा होता. स्वतःचा नव्हे, माझ्या दादाचा.

पडद्यावर दादाची कवटी गोल गोल फिरत होती आणि तिच्यात श्वासाची नळी दिसत होती. डावीकडे 'आधी'ची, सुतळीएवढी आणि लालभडक. उजवीकडे 'नंतर'ची, ऐसपैस आणि निळीशार.

"तीन महिने!" दातांचे डॉक्टर गरजले. लोक त्यांना श्वासगुरू म्हणत आणि तेही हरकत घेत नसत. "फक्त तीन महिने आमची पट्टी तोंडात, टाळूला लावली. जबडा जागा झाला, श्वास मोकळा झाला! हे मी नाही सांगत, थ्रीडी मशीन सांगतंय!"

टाळ्या कडाडल्या. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी पडद्याला हात जोडले. पूर्वी लोक दगडाला जोडायचे, म्हणजे प्रगती आहेच.

दादा शाळेची बस चालवतो. झोपेत त्याचा श्वास अडकतो, म्हणून इस्पितळाने त्याला रात्री मास्क लावून हवा देणारं मशीन दिलं होतं. गुरुआज्ञेने ते कपाटात गेलं. गेल्या आठवड्यात सिग्नलला त्याचा डोळा लागला. बसमधल्या मुलांनी हाका मारून उठवलं. "विकार बाहेर पडतोय, उत्तम लक्षण," श्वासगुरू म्हणाले. वहिनीने हे सगळं आम्हाला रडत रडत सांगितलं. माझं तर डोकंच फिरलं.

आमची ताई बावीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढते. ती उठून उभी राहिली.

"डॉक्टर, जरा मानेचे मणके दाखवता?"

"ताई, विषय श्वासाचा चाललाय."

"मशीन सांगतंय ना? मग त्याला पूर्ण सांगू द्या की."

लोक बघत होते, नाइलाज झाला. चित्र फिरलं. पहिल्यात मान पुढे वाकलेली, दुसऱ्यात हनुवटी चांगली वर.

"दादा, पहिल्या वेळी फोटो काढताना तुला कुठे बघायला सांगितलं होतं?" ताईने आमच्या शेजारी बसलेल्या दादाला विचारलं.

"शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"छताजवळ एक चांदणी चिकटवलीय, तिच्याकडे. दीर्घ श्वास घेऊन थांबा म्हणाले."

ताई लोकांकडे वळली. "मंडळी, हनुवटी छातीला लावा आणि श्वास घ्या." हॉलभर घुसमट झाली. "आता छताकडे बघून घ्या. आला मोकळा? अभिनंदन, पट्टीशिवाय बरे झालात!"

हशा उसळला.

"हे विज्ञान आहे, तुम्हाला नाही कळायचं!" श्वासगुरू ओरडले.

"विज्ञान आहे म्हणूनच मान, जीभ आणि श्वास दोन्ही वेळी सारखे ठेवायचे असतात. शिवाय याचा घसा मिटतो झोपेत आणि फोटो काढलात जागेपणी. झोपेची तपासणी पुन्हा केलीत?"

आता श्वास गुरूंचाच अडकला. त्यांनी पडदा बंद केला.

मशीन खोटं बोलत नाही. समोर जे ठेवाल ते दाखवतं. म्हणून कोणी 'आधी' आणि 'नंतर' दाखवलं की हात जोडण्यापूर्वी एवढंच विचारा, दोन्ही वेळी बाकी सगळं सारखं होतं का? हे विचारायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

"पण मला खरंच बरं वाटत होतं गं," बाहेर आल्यावर दादा पुटपुटला.

"वाटणारच. तुला बरं व्हायचं होतं ना," ताई म्हणाली.

दादाने शाळेत फोन लावला. "उद्यापासून बसवर दुसरा ड्रायव्हर द्या. गाडी चालवताना मला झोप लागते."

एवढं एक वाक्य बोलायला त्याला तीन महिने लागले होते.