कडीला अडकवलेली चिंतनवही

“पोरी, ही वही हातात द्यायची. दाराला अडकवून पळायचं नाही,” बाइंडरकाकांनी तिला बजावलं होतं. तिने “हो काका” म्हटलं आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

मित्रांनो, ती वही म्हणजे मी. चर्चची जुनी चिंतनवही. बाइंडरकाकांनी छापखान्यात उरलेल्या कागदांतून मला शिवलं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात रविवार सोडले तर चाळीस दिवस भरतात, म्हणून ते दर वर्षी मला चाळीस पानं जोडतात. रोज एका घरी माझा मुक्काम. त्या घराने बायबलमधला त्या दिवसाचा शास्त्रपाठ वाचायचा, मनात येईल ते लिहायचं आणि दुसऱ्या संध्याकाळी मला पुढच्या घरी पोचवायचं. माझ्या अंगावर मेणाचे थेंब आहेत, चहाची वर्तुळं आहेत, एका शिंप्याची विसरलेली टाचणीही आहे. ईस्टरला मला वेदीजवळ ठेवतात, तेव्हा मी फुगून जाते. मग वर्षभर कपाटात, झुरळांच्या सोबतीला.

काकांनी बजावलेली ती पोरगी त्या वर्षी यादीत नवी होती. कॉलेज शिकलेली, सात महिन्यांच्या बाळाची आई. काळजी हा तिचा जोडधंदाच. बाळाचा चमचा ती तीनदा उकळायची. ते गाढ झोपलं की नाकाशी बोट धरून श्वास बघायची. नवरा म्हणायचा, “अगं, घेऊ दे की त्याला श्वास.”

तिच्या वाट्याला प्रभू येशूचा अरण्यातला उपास आला. तिने दीड पान लिहिलं, एकही खाडाखोड नाही. पुढचा मुक्काम वरच्या मजल्यावरच्या टायपिस्ट आजींकडे होता. आजी निवृत्त, एकट्या, आणि आठवडाभर खोकत होत्या. बाळाला खोकला लागला तर? तिने मला पिशवीत घालून आजींच्या कडीला अडकवलं आणि कडेवरच्या रडणाऱ्या बाळाला थोपटत ती झपाझप खाली उतरली.

आजी दुपारीच न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. पिशवीची सळसळ ऐकून त्यांनी हाक मारली. बाळाच्या रडण्यात ती तिला ऐकू गेली नाही. मला गेली. पण मला ना हात, ना आवाज. मी नुसती ऐकत राहिले. सकाळी हाका थांबल्या.

संध्याकाळी तळमजल्यावरचे बसड्रायव्हर तिच्या दारात आले. “वहिनी, आज माझी पाळी ना? वही कुठे अडली? आजींनी कादंबरी लिहायला घेतली की काय?”

ती हसली, आणि हसता हसता तिला कडीची पिशवी आठवली. बाळ नवऱ्याच्या हातात कोंबून ती जिना चढली. मी होते तिथेच होते. तिने हाका मारल्या, दार बडवलं. शेवटी ड्रायव्हरांनी खांद्याने आतली कडी उखडली.

आजींच्या गालाला तिने हात लावला, तसे त्यांनी डोळे किलकिले केले. “काल बाळ रडत होतं गं,” त्या पुटपुटल्या. “पोट दुखत होतं का त्याचं?”

ती तिथेच ओल्या फरशीवर बसून रडली.

आजींच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, पण त्या वाचल्या. तीन आठवड्यांनी त्यांनी मला तिच्याच हातून दवाखान्यात मागवून घेतलं. त्यांचा पाठ राहून गेला होता: प्रभूचा शिष्य पेत्र, त्याची सासू तापाने पडली होती, प्रभूने तिला हात धरून उठवलं. आजींनी थरथरत्या अक्षरात लिहिलं, “मला उठवायला आली तिच्या एका पायात नवऱ्याची चप्पल होती. मला मधेच हसू येतं, म्हणून चिंतन नीट झालेलं नाही.”

ते वाचून तिने पान मागे उलटलं. तिच्या दीड पानाखाली अर्धं पान कोरं होतं. तिथे तिने लिहिलं, आणि मित्रांनो, ते मी तुम्हाला जसंच्या तसं देते:

“मी इथे छान छान लिहिलं आणि आजींची चौकशी न करताच खाली गेले. पुढचं पान तुम्ही नंतर वाचा. आत्ता जे एकटं माणूस तुमच्या मनात आलं, त्याच्याकडे आधी जाऊन या. आतून ‘ओ’ आल्याशिवाय परतू नका.”